पायावरचे इसब : त्वचेचे दुखणे की शिरांचे?

व्याख्यानमालेच्या मंडपात साहित्य, समाजकारण, इतिहास, अध्यात्म अशा मोठमोठ्या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या मानाने घोट्यावर सुटणारी खाज हा विषय कित्येकांना अगदीच क्षुल्लक वाटेल. परंतु ह्या खाजेपायी वर्षानुवर्षे झोप गमावलेली, लग्नकार्यात पाय झाकून बसणारी आणि शेवटी वाहत्या जखमेमुळे घराबाहेर पडणेच सोडून दिलेली माणसे आपल्या गावोगावी आणि पेठापेठांतून आहेत. त्यांतील बहुतेकांनी मलमांवर बराच पैसा खर्च केलेला असतो, आणि तरीही गुण आलेला नसतो. तो का येत नाही, हे समजून घेण्यासाठी हा लेख आम्ही लिहीत आहोत.

कारण थोडक्यात असे. उतारवयात घोट्याच्या वरच्या भागात जे इसब उठते, ते पुष्कळदा मुळात त्वचेचे नसतेच. पायातील रक्त वर हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांचे काम बिघडलेले असते, आणि त्या बिघाडाचा त्रास त्वचेला भोगावा लागतो. घराच्या भिंतीला ओल आली, की काही मंडळी ओल्या जागी चुना देऊन मोकळी होतात. महिन्याभरात चुन्याला पोपडे येतात आणि ओल पुन्हा दिसू लागते. कारण भिंतीच्या आतला नळ गळतो आहे हे कोणी पाहिलेलेच नसते. ह्या दुखण्यात मलम म्हणजे तो चुना होय. तो देऊच नये असे नव्हे. पण नळाची दुरुस्ती टाळून नुसता चुना देत बसणे व्यर्थ आहे.

रक्ताचा परतीचा प्रवास

हृदयाकडून अवयवांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी म्हणतात, आणि अवयवांकडून हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या वाहिन्यांना नीला. बोलताना आपण दोहोंनाही शिराच म्हणतो. ह्या लेखात मात्र शीर म्हणजे नीला असे समजावे. पायाकडे जाताना रक्ताला हृदयाचा रेटा असतो, आणि उभ्या माणसात उतारही मिळतो. परत येताना दोन्ही गोष्टी उलट होतात. रेटा जवळजवळ संपलेला असतो, आणि घोट्यापासून हृदयापर्यंत सुमारे चार फुटांचा चढ चढायचा असतो.

हा चढ रक्त कसे चढते? त्यासाठी निसर्गाने दोन योजना केल्या आहेत. पहिली योजना झडपांची. शिरांच्या आत जागोजागी पातळ पडद्यांच्या जोड्या असतात. रक्त वर जाऊ लागले की त्या उघडतात, खाली घसरू लागले की मिटतात. इटलीतील पादुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने १६०३ साली ह्या झडपांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. पण त्यांचे खरे काम त्याच्या ध्यानात आले नाही. ते त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ साली आपल्या रुधिराभिसरणावरील ग्रंथात दाखवून दिले.

हार्वेने दाखविलेला प्रयोग आपणांस घरी करता येईल. दंडाला फडके जरा आवळून बांधावे, म्हणजे हाताच्या शिरा तट्ट फुगतात आणि त्यांवर मधूनमधून गाठी दिसतात. ह्या गाठी म्हणजेच झडपांच्या जागा. एका शिरेवर मनगटाच्या बाजूस एक बोट दाबून धरावे, आणि दुसऱ्या बोटाने तेथून कोपराच्या दिशेने पुढच्या गाठीपलीकडे रक्त निपटून काढावे. मधला तुकडा रिकामा होतो, आणि वरचे बोट उचलले तरी तो रिकामाच राहतो; वरून रक्त उतरत नाही. खालचे बोट उचलताच मात्र तो क्षणात भरतो. प्रयोग होताच फडके सोडावे.

दुसरी योजना पोटरीची. पायातील मोठ्या शिरा पोटरीच्या स्नायूंच्या कुशीतून जातात. आपण पाऊल टाकतो तेव्हा पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. पोटरी सैल पडली की झडपा मिटलेल्या असल्यामुळे ते खाली येत नाही, आणि रिकाम्या शिरांत खालचे नवे रक्त भरते. लोहाराचा भाता जसा दाबला की वारा पुढे लोटतो आणि उचलला की नवी हवा आत घेतो, तसाच हा प्रकार आहे. पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते काही उगीच नव्हे.

ज्या मापाने आपण रक्तदाब मोजतो त्याच पाऱ्याच्या मापाने पाहिले, तर स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत सुमारे ९० मिलिमीटर दाब असतो. तोच माणूस चालू लागला, की थोड्याच पावलांत हा दाब २० ते ३० पर्यंत उतरतो. म्हणजे मंडपाच्या कनातीला टेकून तासभर व्याख्यान ऐकणाऱ्या श्रोत्यापेक्षा तेवढाच वेळ रस्त्याने चालणाऱ्या माणसाचे पाय अधिक सुखी असतात.

झडप गळू लागली म्हणजे

विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळू लागला, की चढलेले पाणी पुन्हा विहिरीत उतरते, हे शेतकऱ्यांना सांगावयास नको. शिरांचेही तसेच होते. झडपा नीट मिटेनाशा झाल्या, की पोटरीने वर ढकललेले रक्त परत खाली येते. मग चालतानाही घोट्याचा दाब पुरेसा उतरत नाही.

झडपा बिघडण्याची कारणे अनेक आहेत. कित्येक घराण्यांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. वय, स्थूलपणा आणि तासन्‌तास उभे राहण्याचा व्यवसाय यांची त्यात भर पडते. पोळ्या लाटणाऱ्या बाया, केशकर्तनालयातले कारागीर, कापडदुकानातील विक्रेते, यंत्रमागावरचे कामगार, वाहतूक पोलीस, शिक्षक यांचे पाय ह्या दृष्टीने धोक्यात असतात. स्त्रियांच्या बाबतीत गरोदरपण हे मोठे कारण आहे. ‘बाळंतपणात शिरा वर आल्या, त्या तशाच राहिल्या’ असे पुष्कळ जणी सांगतात. पण लुगड्याआड पाय झाकलेले असल्यामुळे ते दाखविण्याची वेळ फार उशिरा येते. आणखी एक कारण विशेष लक्षात ठेवावे. प्रसूतीनंतर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा पाय प्लास्टरात असताना खोल शिरेत रक्ताची गुठळी होते आणि एक पाय एकाएकी सुजतो. गुठळी पुढे विरली तरी झडपा मोडून जातात, आणि त्याचे परिणाम कित्येक वर्षांनी त्वचेवर उमटतात.

शिरांत सतत कोंडलेल्या दाबाचा ताण मागे सरकत सरकत त्वचेतील केसाएवढ्या सूक्ष्म वाहिन्यांपर्यंत पोहोचतो. त्यांतून पाणी झिरपते. संध्याकाळी पाय सुजतात, मोज्याच्या काठाचा वण उठतो. मग तांबड्या पेशीही बाहेर पडतात. त्या फुटल्या की त्यांतील लोह त्वचेत साचते, आणि घोट्याभोवती तपकिरी डाग पडतात. पांढऱ्या पेशी तेथे जमून दाह निर्माण करतात. त्वचा कोरडी पडते, लाल होते, खाजते. खाजविल्यावर लस वाहते, खपल्या धरतात. हेच ते इसब. उपाय झाला नाही, तर त्वचा आणि तिच्याखालची चरबी लाकडासारखी टणक होते. घोट्यावरचा भाग आवळत जातो, पोटरी मात्र फुगलेली राहते, आणि पाय उलट्या धरलेल्या बाटलीसारखा दिसू लागतो. अशा त्वचेला दाराचा उंबरा लागला तरी जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. ही जखम बहुधा आतल्या घोट्याच्या जरा वर होते, कारण तेथेच शिरांचा दाब त्वचेला सर्वांत अधिक जाचतो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. शाळेत आपण सर्वांनी शुद्ध रक्त आणि अशुद्ध रक्त असे शब्द पाठ केले. शिरेतल्या रक्ताला अशुद्ध म्हणतात म्हणून पायावर इसब आले की रक्त बिघडले, असा समज होतो आणि रक्तशुद्धीचे काढे सुरू होतात. वास्तविक त्या रक्तात प्राणवायू कमी असतो एवढेच. त्यात घाण अशी काही नसते. रक्त चांगले आहे, त्याची वाट मात्र अडली आहे. ती वाट काढ्याने मोकळी होत नाही.

ओळखावे कसे?

पायावरची प्रत्येक खाज शिरांमुळेच असते असे मात्र नाही. गजकर्णाला कड उठावदार असते, ते वर्तुळाकार पसरते आणि बहुधा जांघेत किंवा कमरेलाही सापडते. जिवाणूंमुळे त्वचेला सूज येते तेव्हा बहुधा एकच पाय एकाएकी लाल, गरम आणि अतिशय दुखरा होतो, तापही भरतो. तेथे तातडीने औषध घ्यावे लागते. उलट दोन्ही पाय कित्येक महिन्यांपासून लाल आणि खाजरे असतील, ताप नसेल, तर आधी शिरांचा संशय घ्यावा. मधुमेहातली जखम बहुधा तळव्याला किंवा बोटांना होते. बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची, आणि पावलासकट सगळा पाय जाड होत चालला असेल तर हत्तीरोगाची तपासणी करून घ्यावी. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनीही घोटे सुजतात, म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत.

फुगलेल्या शिरा बाहेरून दिसत नाहीत, म्हणून शिरा ठीक आहेत असे समजू नये. बिघाड खोल असू शकतो. तो पाहण्यासाठी डॉप्लर सोनोग्राफी नावाची तपासणी आहे. ध्वनिलहरींच्या साहाय्याने शिरेतले रक्त कोणत्या दिशेने वाहते हे पडद्यावर दिसते. तीत टोचणे, कापणे काही नसते.

उपचाराचे तीन भाग

पहिला भाग त्वचेचा. पाय साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावेत, टिपून कोरडे करावेत आणि सुगंध नसलेले व्हॅसलीनसारखे साधे मलम दिवसातून दोन वेळा लावावे. लस वाहत असेल तर स्वच्छ कापडाच्या थंड, ओल्या घड्या ठेवाव्यात. दाह जास्त असेल तेव्हा डॉक्टर स्टेरॉइडचे मलम देतात. ते सांगितलेले दिवसच लावावे. उघड्या जखमेवर किंवा महिनोन्‌महिने लावू नये, कारण त्याने आधीच दुबळी झालेली त्वचा आणखी पातळ होते. दुकानातून मागून आणलेल्या, तीनचार औषधे एकत्र कालवलेल्या मलमांपासून तर दूरच राहावे. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडयुक्त अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती ह्या दुरुपयोगामुळेच. निओमायसिनसारखी जंतुनाशक मलमे, सुगंधी तेले आणि लोकरीपासून काढलेले लॅनोलिन यांचीही अशा त्वचेला सहज वावडी होते. आणि बिब्बा, लसूण, चुना यांना तर पायाजवळ फिरकू देऊ नये. बिब्ब्याच्या चिकाने चांगल्या कातडीवरही फोड उठतात. तेथे इसबाच्या कातडीची काय कथा!

दुसरा भाग पायाच्या दाबाचा. सर्व उपचारात हा मुख्य, आणि सर्वांत दुर्लक्षित हाच. बाहेरून पायाला बेताचा दाब दिला, की फुगलेल्या शिरा अरुंद होतात, झडपांचे पडदे पुन्हा एकमेकांना भिडण्यास मदत होते, झिरपलेले पाणी परत जाते आणि पोटरीच्या पंपाला टेका मिळतो. जर्मनीतील हांबुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उन्ना यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जस्ताचा लेप दिलेल्या पट्ट्या पायाला गुंडाळण्याची पद्धत रूढ केली. ती अजूनही वापरात आहे. आज बहुतेकांना दाब देणारे मोजे सांगितले जातात. ते घोट्याला घट्ट आणि वर चढताना सैल होत गेलेले असतात. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्यापूर्वी, म्हणजे सूज उतरलेली असताना, ते घालावेत आणि रात्री झोपताना काढावेत. मोजा सुमारे सहा महिन्यांत सैल पडतो, मग तो बदलावा.

मात्र एक इशारा आम्ही येथे ठळकपणे देतो. रोहिणीच चोंदलेल्या असतील, तर असा दाब पायाला घातक ठरतो. विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेही आणि चालताना पोटरीत वळ येऊन थांबावे लागणारे लोक यांनी मोजा विकत घेण्याआधी पायाची नाडी तपासून घ्यावी. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून डॉक्टर ते लगेच सांगू शकतात. मोजा घातल्यावर बोटे निळी, थंड किंवा बधिर होऊ लागली, तर तो तत्काळ काढावा.

आमच्याकडील उन्हाळ्यात असा मोजा घालून वावरणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. कडक मोजा कपाटात ठेवण्यापेक्षा सौम्य मोजा पायात असणे केव्हाही चांगले. म्हणून तो सोसत नसेल तर सोडून न देता कमी दाबाचा मागून घ्यावा. त्याच्या जोडीला बिनखर्चाचे उपाय आहेत. दिवसातून तीनचार वेळा अर्धा तास आडवे पडून पाय छातीपेक्षा उंच ठेवावेत. खाटेच्या पायथ्याकडील खुरांखाली दोन दोन विटा ठेवल्यास रात्रभर हे काम होते. ज्यांना हृदयविकाराने आडवे पडल्यावर धाप लागते त्यांनी मात्र विचारूनच करावे. रोज चालावे. उभ्याने काम असेल तर मधूनमधून टाचा उचलाव्यात आणि टेकवाव्यात, म्हणजे भाता हलता राहतो.

तिसरा भाग शिरेचा. बिघडलेली शीर वरवरची असेल, तर तीच बंद करता येते. रक्त खोल शिरांच्या वाटेने जाऊ लागते. पूर्वी त्यासाठी शीर कापून ओढून काढीत. आता बारीक नळी शिरेत सरकवून लेसरने किंवा विद्युत्लहरींच्या उष्णतेने ती आतून मिटवतात, किंवा फेसाळ औषध टोचून बंद करतात. बहुधा तेवढ्या भागाला बधिर करून हे होते आणि रोगी त्याच दिवशी चालत घरी जातो. ब्रिटनमध्ये ५०० रुग्णांवर केलेली एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत नुसत्या दाबाच्या पट्ट्या वापरलेल्यांपैकी २८ टक्क्यांची जखम वर्षभरात उलटली; पट्ट्यांबरोबर शस्त्रक्रियाही झालेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ४५० रुग्णांच्या दुसऱ्या पाहणीत शीर लवकर बंद केलेल्यांची जखम भरून येण्यास मध्यम मानाने ५६ दिवस लागले, आणि हा उपाय लांबणीवर टाकलेल्यांना ८२. ह्या दुसऱ्या पाहणीतही दोन्ही गटांच्या पायांना दाबाच्या पट्ट्या होत्याच. एक उपाय केला म्हणजे दुसरा सोडावा, असा ह्याचा अर्थ नव्हे.

काही प्रसंगी थांबू नये

एक पाय एकाएकी सुजून दुखू लागला, आणि विशेषतः त्याबरोबर धाप लागली किंवा छातीत दुखले, तर ती खोल शिरेतली गुठळी असू शकते. तडक रुग्णालय गाठावे. दुसरा प्रसंग फुगलेली शीर फुटण्याचा. अशा वेळी घाबरून रोगी खुर्चीवर पाय खाली सोडून बसतो, आणि कोणीतरी मांडीला दोरी आवळून बांधतो. दोन्ही गोष्टी चुकीच्या. त्याने रक्त अधिक वाहते, आणि माणूस प्राणासही मुकू शकतो. रोग्याला आडवे करावे, पाय उंच धरावा आणि नेमक्या जागी स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. रक्त बहुधा काही मिनिटांत थांबते. मग त्याला रुग्णालयात न्यावे. एवढी माहिती घरातील प्रत्येकाला असावी असे आम्हांस वाटते.

शेवटचा मुद्दा रोग्यापेक्षा समाजाचा आहे. मोडलेली झडप पुन्हा नवी होत नाही, त्यामुळे मोजा, चालणे आणि पाय उंच ठेवणे ही बहुतेकांना जन्माची सोबत आहे. पण मुळात पायावर एवढा भार पडू न देणे आपल्या हाती आहे. केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकानविषयक कायद्यांत दुरुस्ती करून कामगारांना बसण्याची सोय देणे मालकांवर बंधनकारक केले. ह्या वाचकांत दुकानदार असतील, कारखानदार असतील, शाळा चालवणारे असतील. त्यांनी कायद्याची वाट न पाहता आपल्याकडील माणसांना एकेक स्टूल दिले, आणि घरच्या मंडळींनी ओट्यापाशी राबणाऱ्या बाईला मध्येच बसून घ्यावयास सांगितले, तर पुष्कळ पाय वाचतील. आणि ज्यांच्या घोट्यावर इसब आलेच आहे, त्यांनी पुढच्या वेळी डॉक्टरांना मलमाचे नाव विचारण्याआधी ‘माझ्या शिरा तपासाल का?’ असे विचारावे, इतकीच आमची विनंती आहे.